उन्हाचा रंग आणि उन्हाची वीज

विंध्याचा डोंगर जेथे माळवा सोडून निमाडाकडे उतरू लागतो, तेथे धार जिल्ह्यात बाघिनी नदीच्या काठी बाग नावाचे गाव आहे. धारच्या पवारांमुळे आणि देवासच्या पातींमुळे या मुलखाशी मराठी कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. तेव्हा हे नाव आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेलेले असेल. बागची कीर्ती दोन गोष्टींसाठी आहे. एक, तेथील बौद्ध लेणी व त्यांतील भित्तिचित्रे. आणि दुसरी, 'बाग छपाई' या नावाने ओळखले जाणारे लाल-काळ्या नक्षीचे सुती कापड. आमच्या आजच्या पाठाचा विषय मात्र वेगळाच आहे. तो म्हणजे उन्हापासून वीज करणारे सौरघट, आणि त्यांचे अधिक स्वस्त असे नवे प्रकार शोधण्यासाठी निरनिराळ्या देशांनी मिळून चालविलेले संशोधन. या विषयात शिरण्यासाठी बागेतून जाणारी वाट आम्हांस सर्वांत सोपी वाटते, म्हणून ती धरीत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. सूत्रे आणि समीकरणे विज्ञानाच्या गुरुजींकडे सोपवून आम्ही येथे केवळ विचाराचा धागा उलगडून दाखविणार आहोत.

रंग कापडाला कसा धरतो?

बागची छपाई करणारी खत्री मंडळी मूळची सिंधकडील. राजस्थानातून मनावरला व तेथून १९६२ च्या सुमारास बागेत त्यांनी वस्ती केली, असे ती सांगतात. त्यांची कृती लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. कापड प्रथम स्वच्छ धुऊन हिरड्याच्या पाण्यात बुडवितात व उन्हात वाळवितात. मग लाकडी ठशांनी त्यावर नक्षी उठवितात. काळ्या रंगासाठी लोखंडाच्या गंजापासून केलेले द्रावण आणि लाल रंगासाठी तुरटीचे खळीसारखे मिश्रण वापरतात. येथे एक आश्चर्य आहे. तुरटीला स्वतःचा लाल रंग मुळीच नसतो. छापलेले कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुऊन, ॲलिझरिन व धावडीची फुले घातलेल्या तांब्याच्या मोठ्या भांड्यात उकळले, की जेथे जेथे तुरटी लागली होती तेथेच लाल रंग उमटतो. इतर जागा पांढऱ्या राहतात. याचा अर्थ असा की, ॲलिझरिनचा रंग सुताला स्वतः होऊन नीट धरीत नाही. तुरटीतील ॲल्युमिनियम हा मध्यस्थ होऊन एका हाताने सुताला व दुसऱ्या हाताने रंगाला धरतो.

ही मध्यस्थाची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे स्वित्झर्लंडमधील एका प्रयोगशाळेत ती पुन्हा भेटणार आहे.

आता दुसरा प्रश्न. रंग म्हणजे काय? पांढऱ्या उजेडात सर्व रंगांचे किरण असतात. लाल कापड निळे-हिरवे किरण गिळते आणि लाल किरण परत पाठविते, म्हणून ते आपणांस लाल दिसते. गिळलेल्या किरणांची शक्ती कोठे जाते? सामान्यतः ती उष्णतेत बदलते व कापड कोमट होते. ही शक्ती उष्णतेत विरून जाण्यापूर्वीच तिला तारेच्या वाटेने बाहेर काढता आले तर? सौरघटाची सर्व विद्या या एका प्रश्नात आहे.

प्रकाशापासून वीज

प्रकाशाने वीज उत्पन्न होते हे प्रथम १८३९ साली फ्रान्समधील एदमाँ बेकरेल याने दाखविले. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. आमच्या शाळेतील वरच्या वर्गांतील मुलांनी त्याचे वय विशेष लक्षात घ्यावे. १८८३ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स फ्रिट्स याने सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर देऊन घट बनविला, पण पडलेल्या उजेडाच्या शंभर भागांपैकी एक भागही त्याच्या हाती विजेच्या रूपाने लागत नव्हता. प्रकाश हा कणांच्या, म्हणजे ठरावीक पुरचुंड्यांच्या रूपाने शक्ती देतो, हे १९०५ मध्ये आइन्स्टाइनने मांडले आणि या घटनेचा उलगडा झाला. उपयोगी म्हणता येईल असा पहिला घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली चॅपिन, फुलर व पिअर्सन या तिघांनी केला. तो सिलिकॉनचा होता आणि त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती.

सिलिकॉनचा घट काम कसा करतो ते थोडक्यात सांगतो. सिलिकॉनच्या चकतीच्या एका बाजूस फॉस्फरस व दुसऱ्या बाजूस बोरॉन अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते. त्यामुळे दोहोंच्या सीमेवर एक विद्युत्‌दाब कायमचा उभा राहतो. घराच्या छपराला उतार असावा तसा. प्रकाशाचा कण आत येऊन एखाद्या इलेक्ट्रॉनला त्याच्या जागेवरून मोकळा करतो, आणि तो इलेक्ट्रॉन या उतारावरून एका बाजूस वाहत जातो. पावसाचे पाणी पन्हळीत जमावे तसे हे इलेक्ट्रॉन चकतीवरील चंदेरी रेघांत जमतात आणि तारेतून दिव्याकडे जातात. दिव्यातून फिरून ते मागच्या बाजूने पुन्हा घटात येतात. काही जळत नाही, काही संपत नाही, काही फिरतही नाही.

मग असा घट महाग का पडावा? वाळूत सिलिकॉन आहे हे खरे. पण वाळूतील सिलिकॉन प्राणवायूशी घट्ट बांधलेले असते. स्फटिकाचे खडे कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत प्रचंड उष्णतेत तापवून ते सोडवावे लागते. नंतर ते अतिशय शुद्ध करावे लागते. मग १४१४ अंश सेल्सिअसला वितळवून त्याचा कांब ओढावा लागतो. आणि शेवटी तारेच्या करवतीने त्याच्या कागदासारख्या चकत्या कापाव्या लागतात. कापताना भुसा वाया जातो तो निराळाच. १९७७ साली एक वॉट क्षमतेच्या सिलिकॉन घटाला सुमारे ७६ डॉलर पडत. त्याच वर्षी भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने देशातील पहिला सौरघट तयार केला. इतक्या किमतीचा घट कृत्रिम उपग्रहाला परवडे. विहिरीवरच्या पंपाला परवडत नसे.

सिलिकॉन स्वस्त झाला, तो कसा?

आज ती स्थिती राहिलेली नाही. त्याच एका वॉटला आता डॉलरचा लहानसा अंशच पुरतो. मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प १० जुलै २०२० रोजी राष्ट्राला अर्पण झाला; २०१७ मध्ये त्याच्या विजेचा लिलाव झाला तेव्हा पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे इतका खाली आला होता. त्या विजेचा काही भाग दिल्लीच्या मेट्रो आगगाडीला मिळतो.

ही स्वस्ताई एका देशाने आणली असे म्हणता येणार नाही. मूळ घट अमेरिकेचा. त्याच्या पाठीमागच्या पृष्ठावर विशेष थर देऊन अधिक वीज काढण्याची युक्ती ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात, मार्टिन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत निघाली. तेथे शिकलेला शी झेंगराँग हा चिनी विद्यार्थी मायदेशी परतला व २००१ मध्ये त्याने वूशी येथे 'सनटेक' हा कारखाना काढला. जर्मनीने सौरविजेला चांगला भाव बांधून दिल्यामुळे मालाला गिऱ्हाईक मिळाले. असे चार देशांचे हात लागून भाव कोसळला. परंतु आज या मालाच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर जगातील ८० टक्क्यांहून अधिक कारखानदारी एकट्या चीनमध्ये एकवटली आहे. स्वस्त वस्तू मिळाली हे उत्तम झाले. मात्र ती करण्याची हातोटी कोठे राहिली, हा प्रश्न उरतो. त्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

रंगाचा घट

१९९१ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मिखाएल ग्रेट्‌झेल व ब्रायन ओरेगन यांनी एक वेगळाच घट जाहीर केला. पांढऱ्या तैलरंगात जे घालतात ते टायटॅनियम डायऑक्साइड त्यांनी काचेवर अतिसूक्ष्म कणांच्या सच्छिद्र थरासारखे पसरले. हा पदार्थ पांढरा. म्हणजे दृश्य उजेड तो गिळतच नाही. म्हणून त्यांनी तो थर रंगाच्या द्रावणात भिजविला. रंगाच्या रेणूला एका टोकास आम्लाचा गट जोडलेला होता, आणि त्या टोकाने रेणू त्या पांढऱ्या कणांना चिकटून बसला. उजेड रंगाने गिळायचा, सुटलेला इलेक्ट्रॉन पांढऱ्या कणांच्या हवाली करायचा, तो काचेवरून तारेत जायचा, आणि आयोडीनयुक्त द्रावाने रंगाला त्याचा इलेक्ट्रॉन परत आणून द्यायचा, अशी ही वाटणी आहे. बागेत तुरटी जे काम सूत व रंग यांच्यात करते, तेच काम येथे रेणूच्या त्या आम्लधर्मी टोकाने केले. या घटाची कार्यक्षमता तेव्हा सुमारे ७ टक्के होती. सिलिकॉनच्या मानाने ती थोडी. पण त्याला प्रचंड भट्टी लागत नव्हती, की अतिशुद्ध स्फटिक लागत नव्हता.

हा रंग मौल्यवान रसायनाचाच असावा असेही नाही. आपल्या रुडकीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०१७ मध्ये जांभळाच्या रंगापासून असा घट करून दाखविला. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ज्या रंगाने रंगते, तोच रंग उजेड गिळून इलेक्ट्रॉन सोडतो! जांभळाच्या घटाची वीज फारच थोडी असते आणि तो बाजारात येण्याजोगा नाही. तथापि तत्त्व समजावून देण्यास त्याच्यासारखा गुरू नाही.

याच सुमारास आणि याच्याही आधीपासून आपल्या महाराष्ट्रात स्वस्त मार्गांचा शोध चालू होता. १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या विभागाने पातळ थरांच्या अभ्यासात नाव मिळविले आहे. निर्वात पोकळीची महागडी यंत्रे टाळून, रसायनांच्या कोमट द्रावणात काच बुडवून ठेवायची आणि तिच्यावर अर्धसंवाहकाचा थर आपोआप बसू द्यायचा, किंवा तापलेल्या काचेवर द्रावणाचे धुके फवारायचे, अशा त्या पद्धती आहेत. साध्या साधनांनी शिकलेले हे कौशल्य घेऊन तेथील कितीतरी विद्यार्थी दक्षिण कोरियाच्या विद्यापीठांत संशोधनास गेले. जेथे साधने थोडी असतात तेथे हात शिकतात, हे यावरून दिसेल.

एका खनिजाचा जगप्रवास

आता ज्या घटाकडे सर्व जगाचे डोळे लागले आहेत त्याची हकिकत सांगतो. त्याचे नाव पेरोव्स्काइट. ज्या १८३९ साली बेकरेलने आपला प्रयोग केला, त्याच साली रशियाच्या उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे वर्णन गुस्टाव्ह रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने केले व लेव्ह पेरोव्स्की या रशियन उमरावाचे नाव त्यास दिले. त्या खनिजातील अणूंची जी रचना, तशीच रचना असलेले अनेक पदार्थ पुढे प्रयोगशाळेत करता आले. त्या साऱ्यांना हेच नाव पडले.

जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्याकडे आलेल्या अकिहिरो कोजिमा या तरुण विद्यार्थ्याने ग्रेट्‌झेलच्या घटात रंगाच्या जागी शिसे व आयोडीन असलेला असा एक पदार्थ घालून पाहिला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या घटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आणि आतल्या द्रावात तो पदार्थ लवकरच विरघळून जाई. अनेकांनी तेथेच हात झटकले असते. परंतु इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या हेन्री स्नेथ यांनी जपानच्या या मंडळींशी संबंध जोडला. त्यांचा विद्यार्थी तेथून कृती शिकून आला. इकडे कोरियातील नाम-ग्यु पार्क यांनी ग्रेट्‌झेल यांच्या सहकार्याने तेच काम हाती घेतले. २०१२ मध्ये दोन्ही गटांनी द्रावाच्या जागी घन पदार्थ घालून कार्यक्षमता १० टक्क्यांच्या आसपास नेली. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच ती प्रयोगशाळेत २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. सिलिकॉनला इतके अंतर कापण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला होता.

या पदार्थाचे क्षार द्रावणात विरघळवून काचेवर पसरावयाचे व सुमारे १०० अंशांवर तापवावयाचे, एवढ्याने थर तयार होतो. सिलिकॉनची चकती मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढी जाड धरली, तर हा थर तिच्या सुमारे तीनशेव्या हिश्शाएवढा असतो. तो कापडावर ठसा उमटवावा तसा छापता येईल, वर्तमानपत्रासारखा गुंडाळीवर चालविता येईल, अशी संशोधकांना आशा आहे.

याहून चतुर योजना म्हणजे जोडघट. एका प्रकारच्या घटाने कितीही सुधारणा केली, तरी ३३ टक्क्यांच्या आसपास त्याची सीमा येते, असे १९६१ मध्ये शॉक्ली व क्वायसर यांनी गणिताने दाखविले आहे. कारण प्रत्येक पदार्थ ठरावीक किरणांनाच नीट पकडतो. मग वर पेरोव्स्काइट व खाली सिलिकॉन ठेवले तर? वरचा थर निळे-हिरवे किरण घेतो, तांबडे व त्यापलीकडचे किरण खाली जातात आणि सिलिकॉन ते टिपतो. चीनमधील 'लाँगी' कंपनीने २०२४ साली अशा जोडघटाने ३४.६ टक्के कार्यक्षमता गाठल्याचे जाहीर झाले. मुंबईच्या आय.आय.टी.तही प्राध्यापक दिनेश काबरा यांच्या गटाने असे जोडघट केले असून २६ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता मिळविली आहे.

करारांचे सहकार्य

वर सांगितलेले सहकार्य पत्रांनी, भेटींनी आणि विद्यार्थ्यांच्या प्रवासाने घडले. त्याखेरीज सरकारांनी ठरवून केलेले सहकार्यही आहे. २०१२ मध्ये भारत व अमेरिका यांनी मिळून सौर ऊर्जेसाठी एक संयुक्त संशोधन संस्था उभारली. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व कोलोरॅडोतील अमेरिकेची नवीकरणीय ऊर्जेची राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनी तिचे नेतृत्व केले, आणि मुंबईची आय.आय.टी. तीत सहभागी होती. २०१७ मध्ये ब्रिटनमधील स्वान्सी विद्यापीठाच्या पुढाकाराने 'सनराइज' नावाची योजना सुरू झाली. छापता येण्याजोगे सौरघट भारतातील खेड्यांच्या गरजांसाठी विकसित करणे हा तिचा हेतू होता, आणि तिच्यातर्फे महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील खुडेद या आदिवासी भागातील गावी सौरविजेवर चालणारी एक इमारत उभी राहिली. याशिवाय ३० नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिस येथे भारत व फ्रान्स यांनी आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा केली. तिचे मुख्य ठाणे भारतात गुरुग्राम येथे आहे. असे ठाणे भारतात असणे ही लहान गोष्ट नव्हे.

अशा योजनांना मुदत असते, पैसा आटला की त्या थांबतात. मागे उरतात ती माणसे व त्यांचे शिकलेले हात. सहकार्याचे मोजमाप करावयाचे तर करारावरील सह्यांपेक्षा त्यांतून किती विद्यार्थी तयार झाले हे पाहावे, असे आम्हांस वाटते.

ओल, ऊन आणि शिसे

एवढे असूनही पेरोव्स्काइटचे तावदान अजून आपल्या छपरावर का आले नाही? याचे उत्तर बागच्या लेण्यांत आहे. तेथील भित्तिचित्रे पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. ग्वाल्हेर संस्थानाच्या काळी, १९२१ मध्ये, नंदलाल बोस, असितकुमार हलदार प्रभृती चित्रकारांनी त्यांच्या प्रतिकृती केल्या, हे आपले भाग्य. कारण बागचा दगड मऊ, त्यातून पाणी झिरपते, आणि ओलीने रंग सुटत चालला होता. अखेर १९८२ साली उरलीसुरली चित्रे भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयात न्यावी लागली. चित्रकाराच्या हातात कसूर नव्हती. त्याच्या कलेखालचा आधार ओल धरणारा होता.

पेरोव्स्काइटचेही तसेच आहे. त्याला ओल सोसत नाही, सततची उष्णता सोसत नाही. सिलिकॉनच्या तावदानाची पंचवीस वर्षांची हमी मिळते. नव्या घटाला ती परीक्षा अद्याप उत्तीर्ण व्हावयाची आहे. घटांची कार्यक्षमता मोजताना त्यांचे तापमान २५ अंश धरतात. आमच्याकडे वैशाखात तापलेल्या छपरावरील तावदान ६५ अंशांपर्यंत सहज जाते. सिलिकॉनचा घट दर अंशाला सुमारे ०.४ टक्के शक्ती गमावतो असे धरले, तर ४० अंशांच्या फरकाने १६ टक्के शक्ती कमी होते. मुंबईच्या आय.आय.टी.तील राष्ट्रीय सौर संशोधन केंद्र २०१० मध्ये स्थापन झाले. त्याने २०१३ पासून देशभरच्या तावदानांची वेळोवेळी पाहणी केली. उष्ण प्रदेशांत ती लवकर क्षीण होतात, आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा लहान छपरांवरची अधिक लवकर बिघडतात, असे तीत आढळले. युरोपातील थंड प्रयोगशाळेत टिकलेली वस्तू निमाडाच्या उन्हात टिकेलच असे नाही. म्हणून परीक्षा येथेच घेतली पाहिजे. सहकार्यात आपण केवळ मागणारे नव्हे. आपल्याकडे ऊन, धूळ, पावसाळा आणि ते मोजणारी माणसे आहेत, व त्यांवाचून इतरांचे संशोधन पुरे होत नाही.

शिशाचा प्रश्नही झाकून ठेवण्याजोगा नाही. एका चौरस मीटरच्या थरात शिसे एक ग्रॅमपेक्षाही कमी असते. तथापि ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असते, आणि फुटलेले तावदान कोणाच्या विहिरीजवळ पडेल हे सांगता येत नाही. म्हणून थर नीट बंद करणे, जुनी तावदाने परत गोळा करणे आणि शिशाऐवजी कथिलासारखा पदार्थ चालतो का हे पाहणे, हीही संशोधनाचीच अंगे होत.

आलेची शेती आणि तिचा बोध

आता मागे ठेवलेला प्रश्न पुन्हा हाती घेऊ. पूर्वी माळवा-निमाड भागात 'आल' नावाच्या झाडाची लागवड होत असे. त्याच्या मुळांपासून लाल रंग निघे, आणि त्यावर शेतकरी व रंगारी यांचा चरितार्थ चाले. १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिझरिन प्रयोगशाळेत तयार केले. थोड्याच वर्षांत कारखान्यांतील स्वस्त रंग गलबतांतून आपल्या बंदरांत उतरला, आणि काही दशकांत आलेची शेती बुडाली. शास्त्रज्ञांचा यात काही दोष नव्हता; त्यांचा शोध मोठाच होता, आणि आज बागचे कारागीरही तोच रंग वापरतात. मात्र तेव्हा ज्ञान एकीकडे राहिले आणि आपल्याकडे फक्त पिंप आले. पिंपातील माल आपण विकत घेतला. तो कसा होतो हे आपणांस कोणी शिकविले नाही, व आपणही पुष्कळ काळ शिकलो नाही.

सौरघटाच्या बाबतीत हाच इतिहास पुन्हा घडू द्यावयाचा की नाही, हे पुढील वीस-पंचवीस वर्षांत ठरेल. बाजारातील स्वस्त तावदान जरूर घ्यावे. ज्या पाड्यात दिवा मिणमिणतो त्याला 'आपला माल तयार होईपर्यंत थांब' असे सांगण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु त्याच वेळी ते तावदान करण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि सुधारण्याचे ज्ञान येथे रुजले पाहिजे. एक चौरस मीटरचे २० टक्के कार्यक्षमतेचे तावदान भर उन्हात २०० वॉट देते. दिवसाकाठी पाच तासांचे पुरे ऊन धरले तर एक युनिट वीज झाली. एका युनिटात नऊ वॉटचे दोन दिवे रोज आठ तास जळून पुष्कळ वीज शिल्लक राहते. अभ्यासाला बसणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ही वीज कोणत्या देशाच्या घटाने दिली याला महत्त्व नाही. ती मुलगी उद्या असा घट स्वतः बनवू शकेल की नाही, याला मात्र फार महत्त्व आहे.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

बालमित्रहो, एक सोपा प्रयोग सुचवितो. खेळण्यातील लहानसे सौर तावदान आणि विजेचा दाब व प्रवाह मोजणारे मीटर शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून घ्या. सकाळी आठपासून सायंकाळी पाचपर्यंत दर तासाला मोजणी करून वहीत मांडा. तावदान आडवे ठेवून, मग सूर्याकडे कलते करून, मग त्यावर चिमूटभर धूळ पसरून आणि शेवटी ओल्या फडक्याने पुसून काय फरक पडतो ते लिहा. मोजणी करताना सूर्याकडे थेट पाहू नका. महिनाभराच्या अशा नोंदी घेऊन आलेख काढलात, तर मोठ्या संशोधकांच्या कामाचा पहिला धडा तुम्ही गिरविला असे होईल. दुसऱ्या गावच्या शाळेने त्याच तारखांना त्याच नोंदी घेतल्या आणि तुम्ही त्या ताडून पाहिल्यात, तर सहकार्य म्हणजे काय हेही कळेल. पहिली अडचण अशी येईल की, दोघांची मीटरे सारखी दाखविणार नाहीत. ती दूर कशी करावी याचा विचार करू लागलात की तुमचा खरा अभ्यास सुरू झाला.

आमची मातृभाषा कोंकणी. तीत उन्हाला 'वोत' म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर वोतात आमसुले वाळतात, सुकट वाळते; माळव्यात त्याच उन्हात पापड-कुरडया आणि बागचे कापड वाळते. एकाच उन्हाला प्रत्येक मुलखाने आपले नाव दिले व आपले काम दिले. नव्या घटांची विद्याही तशीच प्रत्येक भाषेत बोलली जावी, मराठीत तर अवश्य. कारण जी विद्या आपल्या भाषेत समजावून सांगता येत नाही ती घरात येऊनही परकीच राहते. या पाठातील एखादी गोष्ट वाचकांनी आज रात्री जेवणाच्या वेळी घरच्या मंडळींना आपल्या शब्दांत सांगितली, तर आमचे श्रम कारणी लागले असे आम्ही समजू.